न केलेल्या कर्माचे फळ

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनांच्या अपघातांविषयी काही श्लोक आहेत. ज्या जिल्ह्यात, महाडच्या भूमीवर, २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचे दहन झाले, त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर राहून तो ग्रंथ प्रमाण म्हणून उघडणे मला शक्य नाही आणि इष्टही वाटत नाही. परंतु एका काळच्या समजुतीचा पुरावा म्हणून हे श्लोक वाचले असता त्यांतून जो प्रश्न उभा राहतो, तो आजही सुटलेला नाही. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी एकाएकी आडवी गेली किंवा मागे सरली, आस मोडला, चाक मोडले, बांधणीची वादी, जोते किंवा लगाम तुटला, अथवा ‘बाजूला व्हा’ असा पुकारा केल्यावरही कोणी आड आले, तर घडलेल्या इजेबद्दल कोणालाही दंड नाही, असे तेथे सांगितले आहे. या दहा प्रसंगांच्या पलीकडे मात्र दंड आहे: हाकणारा अकुशल असेल तर गाडीच्या मालकाला २०० पण, तो कुशल असूनही चुकला तर त्याला स्वतःला, आणि अकुशल माणसाच्या हाती कासरा देऊन आत बसून राहिलेल्यांनाही प्रत्येकी १०० पण. मालक, हाकणारा आणि प्रवासी असे तिघेही याप्रमाणे न्यायासनापुढे उभे केले आहेत. ज्याने चाक घडवले तो सुतार तेवढा कोठेच नाही. चाक मोडणे ही वीज पडण्यासारखी, कोणाच्याच कसुरीत न मोडणारी घटना मानली आहे.

यामागे केवळ अनास्था होती असे मला वाटत नाही. चाक घडवणारा त्याच वस्तीत राहत होता, घेणारा त्याच्या शेजारी बसून लाकूड पारखीत होता, आणि चाकात काही उणे असेल तर ते दोघांच्याही डोळ्यांना सारखेच दिसण्याजोगे होते. शिवाय त्या चाकाने कोणाचा प्राण घेतलाच, तर मृताच्या घरावरून रोज जाणे-येणे त्या सुताराला चुकणार नव्हते, आणि जे काम पुढे कायद्याला करावे लागले ते तेव्हा पुष्कळ अंशी लाज करीत असे. रेवस, बोडणी, थळ, वरसोली, आक्षी येथल्या कोळीवाड्यांत हा संबंध अजून दिसतो. पावसाळ्याच्या तोंडी होडी वर ओढून घेतात, तळ खरवडतात, फटी बुजवतात, सुताराला बोलावून एकेक फळी पाहतात, आणि त्यानंतर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात. या क्रमात मला एक संपूर्ण धर्मविचार दिसतो. होडीच्या तळाची खात्री करून घेतल्यावाचून समुद्राची प्रार्थना करायची नाही, कारण जे आपल्या हातचे होते ते न करता देवाकडे मागणे म्हणजे आपली कसूर त्याच्या पदरी बांधणे, हे त्या श्रद्धेला कोणी शिकवावे लागलेले नाही.

मोटारगाडीने हा संबंध तोडला. १९१० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात मॅकफर्सन नावाच्या एका गृहस्थाच्या ब्यूक मोटारीच्या लाकडी चाकाचे आरे मोडले, गाडी कोलमडली आणि त्याला इजा झाली. त्याने कंपनीवर फिर्याद लावली तेव्हा कंपनीने जी कैफियत दिली ती त्या काळच्या कायद्याप्रमाणे अगदी बिनतोड होती: आम्ही गाडी विकली ती दुकानदाराला, तुमचा-आमचा करार नाही; आणि चाक तर आम्ही केलेलेही नाही, ते दुसऱ्या कारखान्यातून आणलेले. म्हणजे चाक करणारा आपण गाडी केली नाही म्हणणार, गाडी करणारा आपण चाक केले नाही म्हणणार, विकणारा आपण काहीच केले नाही म्हणणार, आणि ज्याच्या अंगावर गाडी उलटली त्याच्याखेरीज या व्यवहारात कोणी उरणारच नाही. १४ मार्च १९१६ रोजी त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने, न्यायमूर्ती कार्डोझो यांच्या लेखणीतून, ही साखळी तोडली. जी वस्तू निष्काळजीपणे केली असता जिवाला धोका होणार हे उघड आहे, आणि जी खरेदीदाराखेरीज इतरांच्याही वापरात जाणार हे करणाऱ्याला ठाऊक आहे, तिच्याविषयीची त्याची जबाबदारी कराराच्या कागदापाशी थांबत नाही, असा तो निर्णय होता. मनूच्या दहा अपवादांतील मोडलेल्या चाकाला त्या दिवशी प्रथमच एक कर्ता मिळाला. पुढे १९३२ साली इंग्लंडात लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी हेच तत्त्व सर्व वस्तूंना लावताना ‘माझा शेजारी कोण’ हा बायबलातील भल्या शोमरोनी माणसाच्या कथेचा प्रश्नच न्यायालयात आणला. कारखानदाराने दूरच्या अनोळखी माणसाला शेजारी मानावे, एवढेच मागणे त्यात होते. परंतु केवढे मोठे ते मागणे!

माझ्या मते या ठिकाणी कायद्याचा प्रश्न संपतो आणि दर्शनशास्त्राचा सुरू होतो. आपल्याकडील कर्मविचारात दोन आपत्ती मानल्या आहेत, आणि कोणत्याही मतावर त्यांपैकी एक जरी ओढवली तरी ते मत त्याज्य ठरते, असा वाद घालणाऱ्या पंडितांचा दंडक आहे. पहिली कृतनाश: केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता नष्ट होणे. दुसरी अकृताभ्यागम: जे केलेच नाही त्याचे फळ येऊन भोवणे. सृष्टीच्या नीतिव्यवस्थेत या दोन गोष्टी घडू शकत नाहीत, एवढ्यासाठी आपल्या पूर्वजांनी जन्मांतराची एवढी लांबरुंद इमारत उभारली. आता आधुनिक कारखान्याकडे पाहावे. एका टेबलावर बसून कोणी एक माणूस कमी प्रतीचा पत्रा पसंत करतो, कोणी एक तपासनीस न तपासता शिक्का मारतो, कोणी एक अधिकारी आलेली तक्रार दप्तरात दाबून ठेवतो. त्या कर्माचे फळ त्यांच्यापैकी कोणालाही मिळत नाही. त्यांना बढती मिळते, ते निवृत्त होतात, सुखाने म्हातारे होतात. आणि सहा वर्षांनी कशेडी घाटाच्या उतारावर एका बाईचा ब्रेक लागत नाही. तिने ना पत्रा निवडला, ना शिक्का मारला, ना तक्रार दाबली. ज्या दोन आपत्ती दार्शनिकांनी अशक्य म्हणून बाजूला ठेवल्या, त्या येथे एकाच क्षणी, एकाच वाहनात, हातात हात घालून उभ्या राहतात.

तिच्या घरी मग लोक जमतात आणि म्हणतात, दैव. मला या शब्दाचा अनादर करायचा नाही. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे तेथे त्याच्याहून दयाळू शब्द कोणाला सापडलेला नाही. पण भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला जी पाच कारणे सांगितली आहेत त्यांत अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने आणि नाना प्रकारच्या क्रिया ही चार आधी मोजली आहेत, आणि दैव पाचवे आहे. ते नाही असे गीता म्हणत नाही. पण पाचव्याकडे जाण्याआधी चार दारे ठोठावावी लागतात, आणि आपण बहुधा चारही दारांवरून न थांबता पुढे जातो.

आमच्या किनाऱ्याला याची एक दारुण आठवण आहे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्याभरावर आले असताना, सकाळी ‘रामदास’ नावाची आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ वादळी पावसात, मोठ्या लाटेने कलली असता भयभीत उतारू एका बाजूला धावले तशी, पालथी झाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. जी वाचली त्यांतली पुष्कळ कोळ्यांच्या होड्यांनी वाचवली, आणि मुंबईला ही वार्ता कळली ती कित्येक तासांनी, पोहून किनाऱ्याला लागलेल्यांच्या तोंडून. तो दिवस आषाढी अमावास्येचा होता. लहानपणापासून या दुर्घटनेच्या हकिकती मी ऐकत आलो, आणि सांगणारा कोणीही असो, कारणांच्या यादीत अमावास्या पहिली येई, लाट दुसरी, आणि त्यानंतर सांगणारा बहुधा गप्प होई. बोटीची घडण कशी होती, भर पावसाळ्यात ती चालवावी हे कोणी ठरवले, गळ्यात घालायची तरंगती साधने किती होती, संकट आले तर कळवण्याची तजवीज काय होती, हे प्रश्न माजघरातल्या त्या कथनात कधी आलेच नाहीत. खरे तर ही वाट काय करू शकते हे कोणाला अज्ञात नव्हते. २० वर्षे आधी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी कोकणच्या समुद्रात एकाच दिवशी बुडाल्या होत्या. ज्या समर्थांचे नाव ‘रामदास’ बोटीला दिले होते, त्यांनी दासबोध जेथे सांगितला असे मानतात ती शिवथरघळ याच जिल्ह्यात आहे, आणि प्रयत्नाला देवाच्या पदवीला नेऊन बसवणारा दुसरा संत महाराष्ट्रात झाला नाही. त्यांच्या नावाच्या बोटीवरच्या मृत्यूंचा सगळा भार आपण अमावास्येच्या माथी मारावा, याचे मला फार वाईट वाटते.

दैव आणि कसूर यांच्यामधली सीमारेषा कोठे आहे? माझे उत्तर असे की ती ज्ञानात आहे. दोष कोणालाच माहीत नव्हता, माहीत होण्याचा मार्गही नव्हता, तोवर त्याला दैव म्हणावे. ज्या दिवशी तो एकाला माहीत झाला, त्या दिवसापासून त्याचे प्रत्येक फळ त्या एकाचे. याला मला सापडलेला सर्वांत जुना आधार आमच्या शेजाऱ्यांच्या धर्मग्रंथात आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज उतरले, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. तेल्याचा व्यवसाय करणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही मंडळी म्हणून शनवार तेली म्हटली गेली, आणि कित्येक पिढ्या आमच्या गावांतून सुखाने नांदली. त्यांच्या तोरेत, निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, मारक्या बैलाचा कायदा आहे. बैलाने कोणाला शिंगावर घेऊन ठार केले तर बैलाला मारावे, धनी निर्दोष आहे. परंतु बैल पूर्वीपासून मारका असेल, धन्याला तशी ताकीद मिळालेली असेल, आणि तरी त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर धनीही प्राणदंडाला पात्र आहे. बैल तोच, शिंग तेच, मृत्यूही तसाच. मध्ये फक्त एक ताकीद आली, आणि निरपराध माणूस अपराधी झाला.

मोटारमालक जेव्हा कंपनीला पत्रामागून पत्र लिहितात, एकमेकांना शोधून काढून एकत्र तगादा लावतात, तेव्हा ते हीच ताकीद बजावीत असतात. नुकसानभरपाई मिळो वा न मिळो, त्या पत्राने एक गोष्ट अटळपणे घडते: ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ हे वाक्य त्या तारखेनंतर खोटे होते. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांची किल्ली चालत्या गाडीत आपोआप फिरे, इंजिन बंद पडे आणि त्याबरोबर अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशव्याही निकामी होत. २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावताना कंपनीला मान्य करावे लागले की तिच्यातल्या काही जणांना हे दहा वर्षांपासून ठाऊक होते. भरपाईच्या निधीने पुढे १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दहा वर्षांपूर्वी बैल मारका असल्याची ताकीद मिळाली होती.

याहूनही विचार करायला लावणारा एक कागद आहे. १९७३ साली फोर्ड कंपनीने सरकारी नियामकाला एक हिशेब सादर केला. उलटलेल्या गाडीतून इंधन गळून लागणाऱ्या आगीविषयीचा तो होता, आणि अमेरिकेतील सर्वच मोटारींना उद्देशून होता. पुढे तो पिंटो या एकाच गाडीच्या नावावर प्रसिद्धीस आला हे तितकेसे बरोबर नाही. त्यात दर गाडीस सुधारणेचा खर्च ११ डॉलर, वाचणारे जीव १८०, आणि एका जिवाची किंमत २ लाख डॉलर धरून खर्चाचे पारडे जड दाखवले होते. जिवाची ती किंमतही कंपनीने काढलेली नव्हती, सरकारी खात्याचीच होती. हिशेब करणे हे पाप आहे असे मी म्हणणार नाही. रस्ता बांधणारा, पूल बांधणारा, दवाखाना चालवणारा प्रत्येकजण कोठेतरी असा हिशेब करीतच असतो. या हिशेबातले अधर्माचे बीज निराळे आहे. ज्या १८० जणांच्या प्राणांची बेरीज मांडली, त्यांतला एकही हिशेब मांडणाऱ्यांच्या बैठकीत हजर नव्हता, आणि जे हजर होते त्यांतला एकही त्या १८० मध्ये असण्याचा संभव जवळजवळ नव्हता. फळ भोगणारा आणि कर्म करणारा यांची अशी संपूर्ण फारकत झाल्यावर केलेली कोणतीही आकडेमोड, ती कितीही बरोबर असली, तरी न्याय्य कशी होणार? मालकांनी दार ठोठावणे याचा अर्थ त्या बैठकीत गैरहजर माणसांनी येऊन बसणे.

समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्यांना या प्रश्नाची एक खास बाजू आहे, आणि ती मला टाकाटा कंपनीच्या प्रकरणामुळे कळली. या जपानी कंपनीने अनेक मोटारकंपन्यांना हवेच्या पिशव्या फुगवणारी नळकांडी पुरवली. त्यांत अमोनियम नायट्रेट हे स्फोटक द्रव्य होते, आणि ओलावा शोषून घेण्याची तजवीज पुष्कळ नळकांड्यांत नव्हती. वर्षानुवर्षे उष्ण आणि दमट हवेत राहिल्याने ते द्रव्य बिघडे, आणि मग लहानशा टकरीतही नळकांडे फुटून धातूचे तुकडे समोरच्या माणसाच्या गळ्यात शिरत. जगाच्या इतिहासातील सर्वांत मोठी मोटार-परतबोलावणी यातून झाली, भारतातही होंडासारख्या कंपन्यांनी गाड्या परत बोलावल्या, आणि २०१७ साली टाकाटाने दिवाळे काढले. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या दमट किनारी राज्यांतल्या गाड्यांना अग्रक्रम दिला गेला, कारण कोरड्या प्रदेशात जो दोष दीर्घकाळ निजून राही तो तेथे लवकर जागा होत असे. धर्मशास्त्रात कर्मविपाक नावाचा विषय आहे, महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तो प्रायश्चित्ताच्या जोडीने मांडला आहे: कर्माचे फळ पिकायला काळ लागतो, आणि ते कोठे पिकेल हे पेरताना दिसत नाही. अलिबाग-मुरूडच्या खाऱ्या दमट वाऱ्यात ज्यांच्या गाडीचा पत्रा चार पावसाळ्यांत पापुद्र्यासारखा सुटतो, त्यांना हे सांगायला नको. कारखाना कोरड्या हवेत, चाचणी कोरड्या हवेत, आणि फळ पिकते ते आमच्या अंगणात.

आता आपल्या देशाच्या कायद्याकडे येतो. ग्राहकाने संघटित होऊन दाद मागावी ही कल्पना मराठी मुलुखाला नवी नाही; १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि केंद्राचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर, १९८६ साली आला. सदोष मोटारी सरकारी हुकमाने परत बोलावण्याची तरतूद मात्र २०१९ च्या दुरुस्तीने, मोटार वाहन कायद्यात ११० अ हे कलम घालून, प्रथम झाली. त्यापूर्वी सारे कारखानदारांच्या स्वेच्छेवर होते. २०१० साली मारुतीने इंधनपंपाच्या दोषासाठी १ लाख ए-स्टार गाड्या आपण होऊन बोलावल्या, हे त्या कंपनीला भूषणावह होते. पण जो बोलावणार नाही त्याला भाग पाडणारे कोणी नव्हते.

या कलमातील एक गोष्ट मला अंतःकरणापासून आवडते. निर्मात्याला स्वतःच दोष आढळला, आणि त्याने तो सरकारला कळवून गाड्या परत बोलावण्यास प्रारंभ केला, तर त्याला दंड होत नाही. पापाचे ख्यापन, म्हणजे ते आपल्या तोंडाने लोकांत सांगणे, हे स्मृतिकारांनी प्रायश्चित्ताचे अंग मानले होते. सांगितल्यावाचून केलेले प्रायश्चित्त अपुरे, आणि सांगितल्याने अर्धा भार उतरतो, हा त्यामागचा भाव. लोकसभेत हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तो भाव असेल असे नाही. तरी मनुष्यस्वभावाचे तेच ज्ञान दोन्ही ठिकाणी काम करीत आहे. दंडाच्या भयाने दोष लपवणाऱ्याला कबुलीची वाट मोकळी ठेवणे यात मला शहाणपण दिसते, आणि करुणाही.

दुसऱ्या गोष्टीविषयी मात्र माझे मन शांत होत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे सरकारने परतबोलावणीची चौकशी करावी यासाठी तक्रारींची एक किमान संख्या लागते. ज्या मोटारीची वार्षिक विक्री १०,००० हून अधिक आहे तिच्यासाठी ती १,२५० आहे. खोडसाळ तक्रारींनी उद्योग हैराण होऊ नयेत हे कारण मला समजते. राज्यकारभाराला कोठेतरी रेघ ओढावी लागते. पण सत्याला संख्या लागत नाही. पहिल्या मालकाने सांगितलेला दोष आणि साडेबाराशेव्या मालकाने सांगितलेला दोष हा एकच दोष आहे, आणि पहिल्यापासून साडेबाराशेव्यापर्यंतच्या वाटेवर जे मरतील त्यांना या संख्येचे काय उत्तर देणार? एकट्या माणसाची तक्रार निदान तज्ज्ञाने उघडून पाहावी, एवढा तरी तिचा मान असला पाहिजे.

एकटा माणूस काय करू शकतो हे २० एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात दिसले. एका गृहस्थाच्या ह्युंदाई क्रेटा गाडीला २०१७ साली दिल्ली–पानिपत मार्गावर अपघात झाला आणि पुढच्या हवेच्या पिशव्या उघडल्या नाहीत. कंपनीचे म्हणणे असे की आघात विशिष्ट जोराचा असला तरच त्या उघडतात. पिशव्या असलेली गाडी घेणारा सामान्य ग्राहक हा वेग आणि बल यांची गणिते करणारा पदार्थवैज्ञानिक नसतो, असे सांगून न्यायालयाने ते म्हणणे फेटाळले आणि गाडी बदलून देण्याचा खालच्या आयोगांचा आदेश कायम केला. आश्वासनाचा अर्थ देणाऱ्याच्या सोयीने लावायचा नाही, घेणाऱ्याच्या विश्वासाने लावायचा, हे या निकालाचे मर्म आहे. आमच्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. तेथे पायरी चढणाऱ्या माणसाने हा निकाल मनात ठेवून चढावे.

इतके लिहिल्यावर मालकांच्या बाजूचेही बोलले पाहिजे, कारण गीतेच्या पाच कारणांत कर्ता आणि क्रिया ही कारणे गाडी चालवणाऱ्याचीही आहेत. वेळेवर सर्व्हिसिंग न करणारा, स्वस्तात मिळाले म्हणून बनावट ब्रेकपॅड बसवणारा, अलिबाग–रेवस मार्गावर मिनिडोरमध्ये सहांच्या जागी बारा माणसे कोंबणारा, दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालून टायरच्या झिजेकडे न पाहणारा माणूस कंपनीला जाब विचारतो तेव्हा त्याचा आवाज पुरेसा स्वच्छ नसतो. याहून अवघड प्रसंग पुढचा आहे. गाडीत जीवघेणा दोष आहे हे ज्याला कळले, कंपनी दाद देत नाही हेही कळले, आणि ज्याने ती मुकाट्याने पनवेलच्या किंवा पेणच्या दलालामार्फत दुसऱ्याला विकून टाकली, त्याला काय म्हणावे? निर्दोष माल दाखवून सदोष माल देणाऱ्याने दुप्पट किंमत परत करावी आणि तेवढाच दंडही भरावा, असे नारदस्मृतीत आहे. त्या क्षणापर्यंत तो अकृताचे फळ भोगणारा होता. विक्रीच्या कागदावर सही करताच तो कर्त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. कंपनीशी भांडत राहणाऱ्या मालकाला लोक हट्टी म्हणतात, गाडी काढून टाक आणि मोकळा हो असा सल्ला देतात. मला तो हट्ट धर्माचा वाटतो. त्याने गाडी काढून टाकली असती तर दोष जगातून गेला नसता, फक्त त्याच्या दारातून गेला असता. आणि रस्त्याच्या कडेने शाळेला चाललेल्या ज्या मुलांचा या साऱ्या व्यवहाराशी काडीचाही संबंध नाही, त्यांच्या अंगावरून जाण्याचा त्याचा संभव तसाच राहिला असता. कलम ११० अ मध्येही धोका मोजताना गाडीत बसणाऱ्यांबरोबर रस्ता वापरणाऱ्या इतरांना धरले आहे, हे फार योग्य झाले.

शेवटची अडचण आमच्याकडच्या गरिबांची आहे. नियमांनी परतबोलावणीसाठी गाडीचे वय ७ वर्षांच्या आत असावे असे ठरवले आहे. आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडे जी माणसे प्रवासी वाहतुकीवर पोट भरतात, त्यांच्या हाती गाडी येते तीच मुळी मुंबईकराने, मग पनवेलकराने वापरून सोडल्यावर. कंपनीचे पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जाते. तिसऱ्याला आपल्या गाडीत काही दोष निघाला होता हेच कळत नाही. दुरुस्ती फुकट असते, सुटा भाग तयार असतो, आणि तरी तो मृत्यू घेऊन दिघी–म्हसळ्याच्या वळणांवरून फिरत असतो. यावर उपाय नाही असे नाही. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर त्याचा बोजा नोंदवलेला असतो, आणि तो उतरल्याचा दाखला आणल्याखेरीज पेणचे परिवहन कार्यालय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढवत नाही. धनकोचा पैसा बुडू नये म्हणून सरकारने एवढी काळजी घेतली आहे. चासीस क्रमांकावरून तसाच निर्मात्याच्या दोषाचाही बोजा नोंदवावा, गाडीचे वय कितीही असो; तो उतरवण्याचा खर्च निर्मात्याकडून घ्यावा, आणि दुरुस्तीचा दाखला पाहिल्याखेरीज तिसऱ्या मालकाच्या नावावर ती गाडी चढवू नये.